ई-रिसोर्सेसचं लायसन्स वाचायला ग्रंथपालांना कसं शिकवायचं?

अक्षरयात्री:

नमस्कार. प्रश्न लांबलचक आहे, पण थोडक्यात विचारला तर उत्तरंही वरवरची येतील म्हणून सविस्तर लिहिते.

मी एका शैक्षणिक ग्रंथालयात आहे. गेली सहा वर्षं ई-जर्नल्स, ई-बुक्स आणि डेटाबेसचं काम माझ्याकडे आहे. वर्गणी, नूतनीकरण, ॲक्सेस बंद पडला की पत्रव्यवहार, सगळं मीच बघते. आमच्या गटातल्या ग्रंथालयांनी मला सहकाऱ्यांसाठी कॉपीराइट आणि लायसन्सिंगवर (म्हणजे प्रकाशकाशी होणाऱ्या वापराच्या परवानगीच्या करारांवर) एक दिवसाचं प्रशिक्षण घ्यायला सांगितलं. मनापासून तयारी करून मी ते घेतलं आणि ते फसलं. दोन महिन्यांनी दुसरी तुकडी येते आहे.

सकाळच्या सत्रात मी इतिहास घेतला: 1710 चा स्टॅच्यूट ऑफ ॲन हा ब्रिटिश कॉपीराइट कायदा, 1886 चा बर्न करार, 1996 चा वायपोचा (जागतिक बौद्धिक संपदा संघटनेचा) कॉपीराइट करार. मग कायद्यातले अपवाद, कलमवार. दुपारी लायसन्समध्ये कोणकोणती कलमं असतात यावर चाळीस स्लाइड्स. सगळ्यांनी टिपणं काढली, कुणी पेंगलं नाही, चहाच्या सुट्टीत 'छान चाललंय' असंही म्हणाले. शेवटी मी फळ्यावर एक प्रश्न लिहिला. एका प्राध्यापकांना आपल्या डेटाबेसमधल्या एका लेखाची पीडीएफ वर्गाच्या पोर्टलवर साठ विद्यार्थ्यांसाठी चढवायची आहे, चालेल का?

बावीस जण होते. चौदा म्हणाले, शिकवण्यासाठी आहे ना, मग चालेल. पाच म्हणाले, कॉपीराइट आहे, चालणार नाही. तिघे गप्प राहिले. 'त्या डेटाबेसच्या लायसन्समध्ये काय लिहिलंय?' असं बावीसपैकी एकानंही विचारलं नाही. दिवसभर मी दुसरं काय सांगत होते!

घरी जाताना त्याहून जास्त लागलेली गोष्ट वेगळीच होती. आवराआवर करताना एक ज्येष्ठ सहकारी माझ्याजवळ आल्या. म्हणाल्या, 'मी नऊ वर्षं नूतनीकरणाचे कागद पुढे पाठवतेय, पण एकही लायसन्स पूर्ण वाचलेलं नाही. ते आपल्याला कळणारं नाही आणि आपल्या सांगण्यानं बदलणारंही नाही.' त्या कामचुकार नाहीत. त्यांच्याकडे संदर्भसेवा, म्हणजे वाचकाला हवी ती माहिती शोधून देण्याचं काम, मी स्वतः शिकले आहे. त्यांच्या तोंडून हे ऐकल्यापासून मला चैन नाही.

सुरुवात कुठून करावी? कायदा किती शिकवावा? आणि आमची खरी लायसन्स गोपनीय असतात, मग सरावाला हातात काय द्यावं?

शेल्फमार्क:

अक्षरयात्री, फळ्यावरचा तुमचा प्रश्न उत्तम आहे. तो फक्त संध्याकाळी पाच वाजता न येता सकाळी साडेनऊला यायला हवा होता.

मी अठरा वर्षं लायसन्सच्या वाटाघाटी करतोय आणि जवळजवळ तितकीच वर्षं नव्या लोकांना शिकवतोय. पहिली काही वर्षं मीही 1710 पासूनच सुरुवात करायचो. आता करत नाही. कारण ग्रंथपालाला अडवते ती छापील पुस्तकानं लावलेली सवय. पुस्तक विकत घेतलं, शिक्का मारला, दाखल नोंदवहीत चढवलं की ते आपलं. कुणाला द्यायचं, किती दिवस द्यायचं, शेजारच्या ग्रंथालयाला पाठवायचं का, हे कुणाला विचारावं लागत नव्हतं. ई-जर्नलची वर्गणी भरल्यावर हीच भावना मनात राहते आणि तिथेच घोटाळा होतो. आपण काही विकत घेतलेलं नसतं. ठरावीक लोकांनी, ठरावीक काळ, ठरावीक पद्धतीनं वापरायची परवानगी घेतलेली असते.

हे पटवायला मी इतिहासातला एकच प्रसंग सांगतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एका अमेरिकी प्रकाशकानं कादंबरीच्या आत सूचना छापली होती: हे पुस्तक एक डॉलरपेक्षा कमी किमतीला विकल्यास तो कॉपीराइटचा भंग मानला जाईल. मेसीज या मोठ्या दुकानानं ते 89 सेंटला विकलं. खटला सर्वोच्च न्यायालयात गेला आणि 1908 मध्ये निकाल लागला की एकदा प्रत विकल्यावर पुढची किंमत बांधून घालण्याचा हक्क कॉपीराइट कायदा प्रकाशकाला देत नाही. बॉब्ज-मेरिल विरुद्ध स्ट्रॉस म्हणून तो निकाल प्रसिद्ध आहे. 'पहिल्या विक्रीचं तत्त्व' तिथून आलं. इथपर्यंत सगळे माना डोलावतात. मग मी पुढचं सांगतो: त्याच निकालात न्यायालयानं हेही नोंदवलं होतं की या प्रकरणात दोन बाजूंमध्ये कुठलाही करार किंवा लायसन्स नव्हतं. पुस्तकात छापलेली सूचना दुकानानं सही करून मान्य केलेली नव्हती. आपण मात्र सही करतो. जी अट शंभर वर्षांपूर्वी नुसती छापून लागू झाली नाही, ती आज आपल्या सहीनं लागू होते. हे ऐकल्यावर खोलीत जी शांतता पसरते, तिथून पुढे शिकवणं सोपं जातं.

जवळचं उदाहरण हवं असेल तर 2011 चं आहे. हार्परकॉलिन्सनं ग्रंथालयांना दिलेल्या ई-बुकवर 26 वेळा दिल्यानंतर लायसन्स संपेल अशी मर्यादा घातली. कपाटातलं पुस्तक सत्ताविसाव्या वाचकासमोर बंद होत नाही. त्याची बांधणी सुटली तर आपण ती शिवून घेतो.

आता सरावाला काय द्यायचं ते. गोपनीयतेची अडचण वाटते तितकी मोठी नाही. लिबलायसन्सचं मॉडेल लायसन्स, म्हणजे नमुना करार, सर्वांसाठी खुलं आहे. ते येल विद्यापीठाच्या ग्रंथालयात सुरू झालेल्या प्रकल्पातून आलंय आणि ग्रंथालयाच्या बाजूनं विचार करून लिहिलंय. अनेक प्रकाशकांची प्रमाण लायसन्सही त्यांच्या संकेतस्थळांवर उघड असतात. दोन्ही छापा, शेजारी शेजारी ठेवा आणि प्रत्येकाच्या हातात लाल पेन्सिल द्या. स्लाइड एकही नको.

लायसन्स पहिल्या ओळीपासून वाचायला लावू नका, माणूस तिसऱ्या परिच्छेदात हरतो. आधी व्याख्या वाचायच्या, त्यातही 'ऑथराइज्ड युजर्स', म्हणजे अधिकृत वापरकर्ते कोण ते. मी वर्गात माणसांची यादी देतो: निवृत्त प्राध्यापक, पाहुणा संशोधक, माजी विद्यार्थी, दूरशिक्षणाचा विद्यार्थी, रस्त्यावरून सहज आत आलेला वाचक, संलग्न संस्थेतला शिक्षक. प्रत्येकाला या व्याख्येतून आत घ्या किंवा बाहेर काढा. अर्धा तास नुसता वाद होतो आणि तो व्हायलाच हवा. आत आलेल्या वाचकाला, म्हणजे 'वॉक-इन युजर'ला, काही लायसन्स आवारातल्या संगणकावर वाचू देतात आणि काहींत त्याचा उल्लेखच नसतो. उल्लेख नसेल तर काय समजायचं, हा प्रश्न कुणीतरी विचारतोच. तो ज्यानं विचारला तो लायसन्स वाचायला शिकला असं मी धरतो.

त्यानंतर क्रियापदं. 'शॅल एन्शुअर' म्हणजे ग्रंथालय हमी देतंय की एकही वापरकर्ता नियम मोडणार नाही. अशी हमी हजारो विद्यार्थी असलेल्या कुठल्याच ग्रंथालयाला देता येत नाही. 'शॅल मेक रीझनेबल एफर्ट्स टू इन्फॉर्म' म्हणजे आम्ही वापरकर्त्यांना नियम कळवण्याचा रास्त प्रयत्न करू. हे आपल्याला जमतं. दोन-तीन शब्दांचा फरक आहे, पण उद्या काही झालं तर जबाबदारी कुणाची ते याच शब्दांवर ठरतं. हे खोडून ते लिहिण्याचा सराव प्रत्येकाकडून प्रत्यक्ष करून घ्या. पेन्सिलीनं कागदावर एकदा खोडलं की 'बदलणारं नाही' ही भीती कमी होते. मी स्वतः पहिल्यांदा एक वाक्य खोडून पाठवलं तेव्हा दोन रात्री नीट झोपलो नव्हतो. तिसऱ्या दिवशी एका ओळीचं उत्तर आलं: मान्य.

एक कलम हमखास दाखवा, 'एंटायर ॲग्रीमेंट'. म्हणजे करारात जे लिहिलंय तेवढंच खरं, आधीची तोंडी आश्वासनं आणि ईमेल धरायचे नाहीत. माझ्या हातून एकदा चूक झाली ती इथेच. विक्री प्रतिनिधीनं ईमेलमध्ये लिहिलं होतं की माजी विद्यार्थ्यांनीही वापरलं तर हरकत नाही. मी तो ईमेल जपून ठेवला आणि निर्धास्त झालो. दोन वर्षांनी प्रतिनिधी बदलला, नव्यानं हरकत घेतली. माझ्या ईमेलला काडीची किंमत उरली नव्हती. ते एक वाक्य करारात घालून घ्यायला मला तेव्हा पाच मिनिटं लागली असती.

रात्रपाळी:

शेल्फमार्क सरांनी 'शॅल एन्शुअर'चं लिहिलंय, ते आमच्यावर गुदरलेलं आहे म्हणून सांगते.

आमच्या एका संशोधक विद्यार्थ्याला मजकुराचं संगणकीय विश्लेषण करायचं होतं. हेतू चांगला, मुलगा हुशार. त्यानं छोटा प्रोग्रॅम लिहिला आणि रात्री एका प्रकाशकाच्या साइटवरून लेख उतरवायला लावून झोपायला गेला. पहाटेपर्यंत चार हजारांवर लेख उतरले. सकाळी सगळ्या संस्थेचा ॲक्सेस बंद. परीक्षेचे दिवस होते. मी काउंटरवर उभी, समोर रांग, आणि मला नेमकं काय झालंय तेही ठाऊक नव्हतं.

लायसन्स काढून पाहिलं. 'सिस्टिमॅटिक डाउनलोडिंग' करायचं नाही असं स्पष्ट होतं. ग्रंथालय हमी देईल असंही होतं. भंग झाल्यास आधी कळवून दुरुस्तीला मुदत द्यावी, हे मात्र कुठेच नव्हतं. एका माणसानं केलेल्या गोष्टीसाठी फक्त त्याचाच ॲक्सेस थांबवावा, हेही नव्हतं. दोन्ही गोष्टी मागितल्या असत्या तर मिळाल्या असत्या. पुढच्या नूतनीकरणात मागितल्या आणि मिळाल्या: लेखी सूचना, तीस दिवसांची मुदत, आणि संस्थेला न तोडता फक्त त्या खात्यावर कारवाई.

म्हणून माझी विनंती, प्रशिक्षणात तंत्र सांभाळणाऱ्या माणसालाही बसवा. आमच्याकडे ईझीप्रॉक्सी आहे, म्हणजे वापरकर्त्याची ओळख पटवून त्याला प्रकाशकाच्या साइटवर नेणारं सॉफ्टवेअर. त्यात 'युसेजलिमिट' नावाची सोय असते. ठरावीक वेळात कुणी ठरावीक मर्यादेपलीकडे उतरवायला लागलं की ते खातं आपोआप थांबतं. ती सोय आमच्याकडे पहिल्या दिवसापासून होती, फक्त लावलेली नव्हती. लायसन्समधल्या त्या ओळीचा या सेटिंगशी संबंध आहे हे ज्याला लायसन्स कळतं त्याला माहीत नव्हतं, आणि ज्याला सेटिंग कळतं त्यानं लायसन्स कधी पाहिलंच नव्हतं.

त्या मुलाला आम्ही ओरडलो नाही. त्याला नियम सांगायचं काम आमचं होतं आणि ते आम्ही केलं नव्हतं.

तळटीप:

शेल्फमार्क, तुमचं बहुतेक सगळं पटलं, पण कायदा बाजूला ठेवायच्या सल्ल्याला माझा विरोध आहे. मी कायद्याच्या ग्रंथालयात काम करतो, त्यामुळे माझा कल त्या बाजूला असणारच.

कायद्यातला अपवाद म्हणजे पायाखालची जमीन. ती कुठे आहे हे माहीत नसेल तर लायसन्स आपल्याला किती खाली नेतंय हे कळणार कसं? अमेरिकेत कलम 107 आणि 108, भारतात कलम 52, असे प्रत्येक देशात अपवाद आहेत. कुठलंही लायसन्स वाचताना विचारायचं असतं: कायद्यानं जे मला आधीच दिलंय ते हा कागद परत घेतोय का? आणि तो घेऊ शकतो का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सगळीकडे सारखं नाही, आणि हेच शिकवण्यासारखं आहे. युरोपीय संघाचा 2019 चा डिजिटल सिंगल मार्केट निर्देश बघा. संशोधन संस्था आणि वारसा संस्थांनी (ग्रंथालयं, संग्रहालयं वगैरे) वैज्ञानिक संशोधनासाठी मजकुराचं आणि डेटाचं विश्लेषण करावं अशी मुभा त्याच्या कलम 3 मध्ये आहे, आणि कलम 7 सांगतं की ही मुभा काढून घेणारी कराराची अट लागूच करता येणार नाही. ब्रिटननं 2014 मध्ये बिगर-व्यावसायिक संशोधनासाठी अशीच तरतूद केली. रात्रपाळी ताईंचा तो विद्यार्थी अशा ठिकाणी असता तर चर्चेची सुरुवात वेगळ्या पायरीवरून झाली असती. तरीही एका रात्रीत सर्व्हरवर ताण आणायची मोकळीक कुणालाच नसते. प्रकाशकाला यंत्रणेच्या सुरक्षिततेसाठी उपाय योजता येतात, हेही त्याच कलम 3 मध्ये आहे.

जिथे असं संरक्षण नाही तिथे सही केलेला करार सहसा अपवादावर मात करतो. मग एक वाक्य मागायचं: 'या लायसन्समधली कोणतीही गोष्ट कायद्यानं ग्रंथालयाला किंवा वापरकर्त्याला दिलेले हक्क कमी करते असा अर्थ लावू नये.' याला सेव्हिंग क्लॉज म्हणतात. तुम्हाला दिवसभरात एकच वाक्य पाठ करून घ्यायचं असेल तर हे घ्या.

अंध आणि दृष्टिदोष असलेल्या वाचकांचा विषय सोडू नका. माराकेश करार 2013 मध्ये झाला आणि 30 सप्टेंबर 2016 पासून लागू झाला. तो स्वीकारलेल्या देशांत सुगम स्वरूपातली प्रत तयार करता येते आणि दुसऱ्या देशातल्या वाचकाला पाठवताही येते. लायसन्समध्ये 'स्वरूप बदलू नये' अशी सरसकट ओळ असली की काउंटरवरचा माणूस घाबरून नाही म्हणतो. मी हे पाहिलंय. एका वाचकाला स्क्रीन रीडरला (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला) चालेल अशी फाइल हवी होती आणि त्याला तीन आठवडे 'परवानगी मागवली आहे' एवढंच उत्तर मिळत होतं.

आणि ई-पुस्तक पुस्तकासारखं आहे की नाही, यावर न्यायालयांचीही उत्तरं सरळ नाहीत, हे सहभागी लोकांना जरूर सांगा. युरोपीय न्यायालयानं नोव्हेंबर 2016 मध्ये म्हटलं की एका वेळी एकाच वाचकाला, ठरावीक मुदतीसाठी ई-बुक देणं हे काही अटींवर छापील पुस्तक उसनं देण्यासारखं धरता येतं. त्याच न्यायालयानं डिसेंबर 2019 मध्ये टॉम कॅबिनेट प्रकरणात म्हटलं की वापरलेली ई-बुकं पुन्हा विकण्याला पहिल्या विक्रीचं तत्त्व लागू होत नाही. अमेरिकेत इंटरनेट आर्काइव्हनं छापील पुस्तकं स्कॅन करून उसनी देण्याचा बचाव 'फेअर यूज' (कायद्यानं मान्य केलेला रास्त वापर) म्हणून केला, तो सप्टेंबर 2024 मध्ये अपील न्यायालयानंही फेटाळला. तीन निकाल एका फळ्यावर लिहा आणि लोकांना विचारा: आपण कुठे उभे आहोत?

अक्षरयात्री:

सगळ्यांचे मनापासून आभार. रात्रपाळी ताई, तुमचा प्रसंग मी परवानगी असेल तर नाव-गाव न घेता वर्गात सांगेन.

तुमची उत्तरं वाचून मी आमच्याच एका जर्नल पॅकेजचं लायसन्स काढून बसले. माझं स्वतःचं काम, मीच तीनदा नूतनीकरण केलेलं. 'पर्पेच्युअल ॲक्सेस', म्हणजे कायमचा वापर, हे शब्द त्यात आहेत म्हणून मी नेहमी निश्चिंत असायचे. आज पूर्ण परिच्छेद वाचला. वर्गणी बंद केल्यावर भरलेल्या वर्षांचे अंक 'प्रकाशकाला योग्य वाटेल त्या पद्धतीनं' उपलब्ध राहतील, एवढंच आहे. कशावर, किती दिवसांत, कुणाच्या खर्चानं, काही नाही. हे मी सहा वर्षं वाचलं नव्हतं आणि दुसऱ्यांना शिकवायला उभी राहिले होते.

आणखी एक. गेल्या काही नूतनीकरणांत 'कोणत्याही एआय साधनासोबत मजकूर वापरू नये' अशी नवी ओळ येते आहे. याचं काय करायचं?

जुना_अंक:

पर्पेच्युअल ॲक्सेसबद्दल मी लिहितो, कारण माझी सगळी नोकरी मागच्या अंकांत गेली.

तीन गोष्टी कागदावर हव्यात. एक, कोणती वर्षं: फक्त वर्गणीच्या काळात प्रसिद्ध झालेली, की त्या काळात दिसत असलेले जुने अंकही? दोन, कुठून मिळणार: प्रकाशकाच्याच साइटवरून, की फाइली देणार? तीन, प्रकाशकच बंद पडला, जर्नल दुसऱ्याकडे गेलं, तर काय? तिसऱ्यासाठी लॉक्स, क्लॉक्स आणि पोर्टिको या डिजिटल अंक जपून ठेवणाऱ्या व्यवस्था आहेत. लॉक्सची कल्पना स्टॅनफर्डमधून आली. मूळ इंग्रजी नावाचाच अर्थ असा की भरपूर प्रती असल्या की वस्तू सुरक्षित राहते. जुन्या पोथ्या टिकल्या त्याही अशाच, एका मठातली जळाली तरी दुसरीकडची उरली म्हणून. प्रकाशक यांपैकी कशात सहभागी आहे ते करारात लिहून घ्या. जर्नल एका प्रकाशकाकडून दुसऱ्याकडे जाताना कुणी काय करायचं यासाठी ट्रान्सफर नावाची आचारसंहिता आहे, प्रकाशक ती पाळतो का हेही विचारा.

वर्गात हे शिकवायला मी एक तक्ता भरायला लावतो. प्रत्येकानं आपल्या ग्रंथालयाचं एक बंद केलेलं जर्नल निवडायचं आणि आपण पैसे भरलेल्या एखाद्या वर्षातला लेख त्याच क्षणी उघडून दाखवायचा. उघडला नाही तर का, ते शोधायचं. मागच्या वेळी अकरांपैकी चौघांचा उघडला नाही. त्यातल्या तिघांकडे हक्क होता, फक्त कुणी मागितला नव्हता.

शेल्फमार्क:

तळटीप, तुमचं म्हणणं मान्य. कायदा सोडा असं मला म्हणायचं नव्हतं, पण माझ्या लिहिण्यातून तसंच दिसलं खरं. फळ्यावरच्या प्रश्नानंतर लगेच 'आता आपला कायदा काय म्हणतो' हे यायला हवं. मी हे माझ्याही वर्गात बदलतो.

एआयच्या ओळीबद्दल. ती आहे तशी स्वीकारू नका आणि सरसकट खोडायचाही हट्ट नको. आधी ती नेमकं काय थांबवू पाहते ते वेगळं करा. मजकूर वापरून मॉडेल घडवणं आणि ते बाहेरच्यांना खुलं करणं ही एक गोष्ट. संशोधकानं आपल्या संगणकावर, बंद वातावरणात, लेखांचं विश्लेषण करणं ही दुसरी. वाचकानं उघडलेल्या एका लेखाचा सारांश काढणं किंवा स्क्रीन रीडरमधल्या सोयीनं चित्राचं वर्णन ऐकणं ही तिसरी. 'कोणत्याही एआय साधनासोबत' या तीन शब्दांत तिन्ही बंद होतात, आणि तिसरी बंद झाली की दृष्टिहीन वाचकाचं वाचन बंद होतं. पर्यायी वाक्य लिहून पाठवा: सार्वजनिक साधन घडवायला मजकूर वापरणार नाही, मजकूर तिसऱ्याच्या हाती जाणार नाही, पण अधिकृत वापरकर्त्याला संशोधन, अभ्यास आणि सुगम वाचनासाठी अशी साधनं वापरता येतील. आम्ही हे पाठवलं तेव्हा काहींनी मान्य केलं, काहींनी अर्धं मान्य केलं, एकानं उत्तरच दिलं नाही आणि त्याचं नूतनीकरण आम्ही पुढे ढकललं.

छोट्या प्रकाशकांसाठी सेरू लक्षात ठेवा. निसो या अमेरिकी मानक संस्थेनं 2008 मध्ये आणलेली ही सामाईक समज आहे. दोन्ही बाजूंनी ती मान्य केली की स्वतंत्र लायसन्सवर सही करावी लागत नाही. दोन पानांच्या जर्नलसाठी वीस पानांचा करार वाचायची वेळ येत नाही.

आणि 'आय ॲग्री' या बटणाचा विषय काढा. ट्रायल सुरू करताना काउंटरवरचा कुणीतरी ते दाबतो. संस्थेच्या वतीनं करार करायचा अधिकार कुणाला आहे, हे त्या माणसाला माहीतच नसतं.

रात्रपाळी:

अक्षरयात्री, प्रसंग जरूर सांगा. त्यासाठीच लिहिला.

वाचून झाल्यावर कळलेलं साठवायचं कुठे, तेही शिकवा. आमच्याकडे लायसन्स एका कपाटात होती आणि काउंटरवर त्यातलं काहीच पोचत नव्हतं. आता कोहा या ग्रंथालय-सॉफ्टवेअरच्या ई-रिसोर्स मॉड्यूलमध्ये प्रत्येक लायसन्सची नोंद आहे, आणि काउंटरसाठी साध्या भाषेत चार ओळी: वर्गाला लिंक देता येते का, पीडीएफ चढवता येते का, दुसऱ्या ग्रंथालयाला लेख पाठवता येतो का, बाहेरच्या वाचकाला बसवता येतं का. प्रत्येकापुढे होय, नाही किंवा 'विचारा'.

अक्षरयात्री (अडीच महिन्यांनंतर):

दुसरी तुकडी झाली. धागा वर काढते आहे, कारण तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवेना.

साडेनऊला फळ्यावर तोच प्रश्न लिहिला, साठ विद्यार्थी आणि पीडीएफ. पहिल्या फेरीत उत्तरं मागच्यासारखीच आली. मी बरोबर-चूक काहीच न सांगता दोन लायसन्स वाटली आणि म्हटलं, आता यात शोधा. पहिल्यात इलेक्ट्रॉनिक रिझर्व्हला, म्हणजे वर्गासाठी प्रत पोर्टलवर ठेवायला, परवानगी होती, फक्त सत्र संपल्यावर फाइल काढायची अट होती. दुसऱ्यात फक्त लिंक देता येत होती, प्रत चढवता येत नव्हती. म्हणजे एकच प्राध्यापक, एकच लेख, दोन डेटाबेस आणि दोन उत्तरं. एक जण म्हणाले, 'मग आपण नेहमी लिंकच का देत नाही? लिंक दोन्हीत चालते आणि वापराची नोंदही आपल्या आकडेवारीत येते.' हे मी शिकवणार होते. त्यांनीच सांगितलं.

इतिहास एवढाच घेतला: 89 सेंटचं पुस्तक. कायदा पाऊण तास, आणि तळटीप, तुमचं सेव्हिंग क्लॉजचं वाक्य प्रत्येकानं स्वतःच्या हातानं लिहिलं. जुन्या अंकांचा तक्ता जेवणानंतर. तिथे सगळ्यात जास्त गलका झाला. लाल पेन्सिली कमी पडल्या.

सगळं जमलं नाही. 'गव्हर्निंग लॉ'वर मी अडखळले. परक्या देशाचा कायदा लागू असं लिहिलेलं असेल तर ते खोडायचं की त्याबद्दल गप्प राहणारा करार करायचा, यावर माझं उत्तर पुरेसं नव्हतं. तीन जण दिवसभर काठावरच बसून राहिले. त्यांच्यासाठी काय करावं हे मला अजून सापडलेलं नाही.

नऊ वर्षं कागद पुढे पाठवणाऱ्या त्या बाईंना मी पुन्हा बोलावलं होतं, शिकायला नव्हे, माझ्यासोबत एक गट सांभाळायला. आधी नको म्हणाल्या, मग आल्या. गटातल्या कुणी अडलं की त्या संदर्भसेवेत विचारायच्या तसं विचारायच्या: 'तुला नक्की काय शोधायचंय?' लायसन्स वाचणं हे संदर्भाचंच काम आहे, हे मला त्यांच्याकडे बघून कळलं.

परवा त्यांचा फोन आला. घरी जाऊन त्यांनी आपल्या ग्रंथालयाचं सगळ्यात मोठं लायसन्स पहिल्यांदा पूर्ण वाचलं. त्यात आपोआप नूतनीकरणाचं कलम निघालं: मुदत संपण्याच्या साठ दिवस आधी लेखी कळवलं नाही तर करार आणखी तीन वर्षं चालू. कळवायला अकरा दिवस उरले होते. पत्राचा मसुदा त्यांनी मला वाचून दाखवला. त्यात मी फक्त एक तारीख दुरुस्त केली. पत्र त्याच दुपारी गेलं.